एका सर्व्हरवर दोन मेल सर्व्हर : भांडण कुठं लागतं आणि मेल कुठं हरवते

गोव्यातल्या लहान संस्थांत लिनक्सचा सर्व्हर बहुधा ऑफिसच्या एका कोपऱ्यात, यूपीएसच्या शेजारी, वर्षानुवर्षं चालू असतो. फोंड्याची पतसंस्था असो, म्हापशाचं हायस्कूल असो किंवा कळंगुटचं छोटं हॉटेल, कोणीतरी कधीकाळी त्यावर डेबियन किंवा रेड हॅटच्या घराण्यातलं काहीतरी बसवून दिलेलं असतं. मग एक दिवस त्या यंत्रावरून मेल पाठवायची गरज पडते. बॅकअप झाला का याचा रिपोर्ट हवा असतो, बुकिंगची पावती पाठवायची असते किंवा पालकांना सूचना. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवायची कमांड दिली जाते आणि पडद्यावर येतं की एक्झिम या आधीच असलेल्या दुसऱ्या मेल सर्व्हरची अमुक पॅकेजेस काढली जातील. किंवा सरळ नकार येतो: ही फाईल आधीच दुसऱ्या पॅकेजची आहे.

इथं काहीजण घाबरून मागं फिरतात, काहीजण ‘फोर्स’चा पर्याय लावून पुढं जातात. जास्त नुकसान या दुसऱ्या प्रकारच्या लोकांच्या हातून होतं. पण दोघांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते: पडद्यावर दिसणारं हे भांडण सगळ्यात निरुपद्रवी आहे, कारण ते वेळेवर पकडलं गेलंय. मेल हरवते ती जिथं एकही एरर येत नाही तिथं. म्हणून या लेखात दिसणारी भांडणं आधी थोडक्यात उलगडतो आणि न दिसणाऱ्यांवर जास्त वेळ घालवतो.

एकच नाव, अनेक दावेदार

युनिक्सच्या जगात सर्वदूर पसरलेला पहिला मेल सर्व्हर म्हणजे सेंडमेल. एरिक ऑलमन यांनी तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिला आणि १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर तो जगभर पोचला. ज्या कुठल्या प्रोग्रॅमला मेल पाठवायची असे, तो सेंडमेलची कमांड चालवून मजकूर तिच्या हवाली करी. ही सवय इतक्या प्रोग्रॅम्समध्ये रुजली की पुढं आलेल्या सर्व्हरांना ती मोडता येईना. फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात एक्झिम लिहायला घेतला. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात घडवलेला पोस्टफिक्स १९९८ च्या अखेरीस बाहेर आला. दोन्हींची आतली रचना सेंडमेलहून अगदी वेगळी, तरी दोन्हींनी /यूएसआर/एसबिन/सेंडमेल या जागी आपापली एक कमांड ठेवलीच. त्यामुळं पोस्टफिक्सच्या यंत्रावरही ‘सेंडमेल’ नावाची फाईल दिसते, आणि ती असते पोस्टफिक्सचीच. क्यू, म्हणजे जायची थांबलेली मेल, दाखवणारी मेलक्यू आणि टोपणनावांची यादी ताजी करणारी न्यूअलायसेस, या दोन कमांडींचंही तेच.

एका जागी एका नावाची एकच फाईल राहू शकते. तीन-चार पॅकेजेस तीच फाईल घेऊन आली की पहिलं भांडण तिथं लागतं.

दुसरी जागा पोर्ट २५ ची. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून यंत्रात यायचं क्रमांक दिलेलं दार. एसएमटीपीचे, म्हणजे मेल एकमेकांकडे देण्याच्या पद्धतीचे, नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात मांडले, आणि आजही मेल सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वरच बोलतात. एका आयपी पत्त्यावरचं हे पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला ऐकता येतं. दुसरा आला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असं सांगून परत धाडतो.

यातून एक मुद्दा निघतो, जो पुढं सारखा लागणार आहे. मेल सर्व्हरकडे मेल दोन वाटांनी पोचते. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन आणि पीएचपीचं मेल फंक्शन सेंडमेलच्या कमांडवरून जातात. बाहेरचे सर्व्हर, आणि जावात लिहिलेली बरीचशी ॲप्लिकेशन्स, पोर्ट २५ वरून येतात. एका वाटेवर एक सर्व्हर आणि दुसऱ्या वाटेवर दुसराच, असं होऊ शकतं. मग ‘टेस्ट मेल तर गेली, पण सॉफ्टवेअरची जात नाही’ अशी तक्रार येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

डेबियन आणि उबुंटूची पद्धत

डेबियनमध्ये मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट नावाचं पॅकेज प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. ते फक्त एका कामाचं नाव आहे. एक्झिम, पोस्टफिक्स, सेंडमेल, नलमेलर, डीएमए ही सगळी आपल्या माहितीत दोन गोष्टी लिहितात: हे काम मी पुरवतो, आणि हे काम पुरवणाऱ्या दुसऱ्या कोणाबरोबरही मी एका यंत्रावर राहणार नाही. आपल्याकडच्या देवळांत पुजाऱ्यांच्या पाळ्या असतात, तसाच हा प्रकार. सेवा एकच, ती करू शकणारी घरं अनेक, पण ज्याची पाळी त्याच्याच हाती गाभाऱ्याची किल्ली. आता प्रश्न पडेल, की मेल पुरवणाऱ्या प्रत्येकाशी वैर असेल तर पॅकेजचं स्वतःशीच भांडण नाही का होणार? तसं होत नाही. स्वतःच पुरवलेल्या कामाशी पॅकेजचा विरोध मोजायचा नाही, हे डेबियनच्या नियमांत स्पष्ट लिहून ठेवलंय, आणि सगळी व्यवस्था याच एका कलमावर उभी आहे.

म्हणून तुम्ही पोस्टफिक्स मागितला की ॲप्ट, म्हणजे डेबियनचं पॅकेजेस बसवायचं-काढायचं साधन, एक्झिम काढायचा प्रस्ताव ठेवतं. तो बिघाड नव्हे. त्यानं दाखवलेली यादी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. तीत फक्त एक्झिम-४ ची पॅकेजेस असतील, जसं एक्झिम४-बेस किंवा एक्झिम४-डेमन-लाइट, तर पुढं जायला हरकत नाही. बॅकअपचं, मॉनिटरिंगचं किंवा हिशेबाचं एखादं पॅकेज त्या यादीत डोकावत असेल तर तिथंच थांबायचं. ॲप्टला -एस हा पर्याय दिला तर तो प्रत्यक्ष काही न करता काय काय होईल ते दाखवतो. चालू सर्व्हरवर मी हा पर्याय कधीच टाळत नाही, आणि तुम्हीही टाळू नये असं वाटतं.

एक नेहमीची फसगत इथं आहे. ‘आधी जुनं काढू, मग नवं बसवू’ असा विचार करून लोक फक्त एक्झिम काढायची कमांड देतात. पण बीएसडी-मेलएक्ससारख्या पॅकेजेसना कोणतातरी मेल सर्व्हर लागतोच. एक्झिम जातोय म्हटल्यावर ॲप्ट त्या जागी दुसरा उमेदवार शोधून आणतं, आणि तुम्हाला नको असलेला तिसराच सर्व्हर यंत्रावर येऊन बसतो. सरळ नवा मागा. जुना त्याच फेरीत निघून जाईल आणि मधल्या काळात ती जागा रिकामीही राहणार नाही.

ॲप्टच्या खालच्या डीपीकेजी या साधनानं थेट .डेब ही पॅकेजची फाईल बसवताना गोष्ट वेगळी होते. बाहेरून उतरवलेल्या पॅकेजनं आपण कोणाशी भांडतो हे नीट लिहिलेलं नसलं, तर डीपीकेजीला ते फाईल लिहिताना कळतं. मग ‘ही फाईल अमक्या पॅकेजमध्येही आहे’ असं म्हणून तो थांबतो. इथं फोर्स-ओव्हरराइट लावायचा मोह होतो. तसं केलं की एकच फाईल दोघांच्या नावावर लागते, आणि पुढच्या अपडेटला नेमकी कोणाची कमांड त्या जागी आहे हे खुद्द डीपीकेजीलाही धड सांगता येत नाही. त्याऐवजी डीपीकेजीला कॅपिटल एस हा पर्याय आणि फाईलचा पूर्ण मार्ग द्या. मालक कोण ते तो लगेच सांगतो. रेड हॅटकडे हेच काम आरपीएम -क्यूएफ करतो. मालक कळला की त्याला रीतसर काढायचं की नवं पॅकेजच सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवू शकता.

रेड हॅटच्या घराण्यात

रेड हॅट, फेडोरा, आल्मा, रॉकी यांनी दुसरा मार्ग धरला. तिथं पोस्टफिक्स आणि सेंडमेल एका यंत्रावर सुखानं नांदू शकतात, कारण प्रत्येकानं आपल्या कमांडचं नाव थोडं बदललंय: सेंडमेल.पोस्टफिक्स, सेंडमेल.सेंडमेल. मूळ जागेवर फक्त एक लिंक असते आणि ती कोणाकडे बोट दाखवते हे अल्टरनेटिव्हज नावाची व्यवस्था ठरवते. अल्टरनेटिव्हजला --कॉन्फिग एमटीए (एमटीए म्हणजे मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट) दिलं की यादी येते, त्यातून हवा तो निवडायचा. निवड ‘ऑटो’वर असेल तर जास्त प्राधान्याचं पॅकेज आलं की लिंक आपसूक तिकडे सरकते. हातानं निवडली असेल तर जागची हलत नाही. म्हणून हातानं निवडलेली बरी.

सोय छान आहे, पण याच सोयीत एक खड्डा आहे. अल्टरनेटिव्हज फक्त लिंक बदलतं. कोणती सर्व्हिस चालू आहे आणि पोर्ट २५ कोणाकडे आहे, याला ते हात लावत नाही. समजा लिंक पोस्टफिक्सकडे वळवली आणि चालू मात्र सेंडमेलच राहिला. रात्रीच्या बॅकअपनं सेंडमेल कमांडवरून रिपोर्ट पाठवला. ती कमांड आता पोस्टफिक्सची, तिनं मेल घेऊन पोस्टफिक्सच्या मेलड्रॉप नावाच्या फोल्डरात ठेवली आणि ‘काम झालं’ असं कळवलं. तिथून उचलणारा पोस्टफिक्स चालूच नाही. लॉगमध्ये फार तर एक इशारा येतो, पब्लिक/पिकअप सापडत नाही असा. बॅकअपच्या दृष्टीनं रिपोर्ट गेला, मॅनेजरच्या दृष्टीनं तो आला नाही, आणि मधे मेल तशीच पडून. समाधानाची बाब एवढीच की पोस्टफिक्स सुरू केला की मेलड्रॉपमधली मेल तो उचलतो. हा इशारा लॉगमध्ये दिसला तर कॉन्फिगरेशन खणायच्या आधी पोस्टफिक्स चालू आहे का ते पाहा.

बंद पोर्टपेक्षा चुकीचं उघडं पोर्ट वाईट

सर्व्हर बदलताना लोकांना सगळ्यात मोठी भीती असते ती ‘मधल्या वेळेत मेल सर्व्हर बंद राहील’ याची. त्यामुळं घाईघाईनं नवा सर्व्हर चालू केला जातो, सेटिंग नंतर करू म्हणून. मला वाटतं हा क्रम अगदी उलटा आहे.

बाहेरच्या सर्व्हरला तुमचं पोर्ट २५ बंद दिसलं तर तो मेल फेकत नाही. आपल्या क्यूमध्ये ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ म्हणते, हा प्रयत्न निदान चार ते पाच दिवस चालू ठेवावा. पोस्टफिक्सची ठरलेली मुदतही पाच दिवसांची आहे. म्हणजे दुपारी दोन तास सर्व्हर बंद ठेवलात तर मेल उशिरा येईल, हरवणार नाही. (मात्र चतुर्थीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नका. काही चुकलं आणि ऑफिस आठवडाभर उघडलं नाही, तर ही मुदत उलटून जाते.)

आता दुसरी शक्यता बघा. नवा पोस्टफिक्स बसला, पोर्ट २५ वर ऐकू लागला, पण संस्थेचं डोमेन आपलं आहे हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. बाहेरून मेल आली की तो ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ म्हणतो: मूळ सेटिंगमध्ये ४५४ हा तात्पुरत्या नकाराचा आकडा देऊन, पण सेटिंगमध्ये रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन लिहिलं असेल तर ५५४ देऊन. डोमेन सांगितलंय पण त्या नावाचा युझर त्याला सापडत नाही, तर ५५० देतो. पाचनं सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही, मेल त्याच क्षणी ‘पोचली नाही’ म्हणून परत जाते. डिसेंबरात खोली हवी असलेल्या पाहुण्याला असं उत्तर मिळालं तर तो दुसरं हॉटेल बघतो, आणि तुमच्या क्यूमध्ये किंवा कुठल्याही फोल्डरात त्याचा मागमूस राहत नाही. लॉगमध्ये तेवढी एक ओळ.

चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर ये’. पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट_बाउन्स नावाची सेटिंग आहे. ती ‘यस’ केली की त्याचे कायमचे नकार तात्पुरते होतात आणि तुमची चूक दुरुस्त होईपर्यंत समोरचा सर्व्हर मेल सांभाळून ठेवतो. सर्व्हर बदलण्याच्या दिवशी ही ओळ घालावी, एखादा दिवस लॉग वाचावा, सगळं ठीक दिसलं की काढावी. काढायला मात्र विसरू नये. नाहीतर चुकीच्या पत्त्यावर आलेली स्पॅमही दिवसभर पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहते.

मागं राहिलेली मेल

न दिसणाऱ्या भांडणांतलं दुसरं क्यूचं. प्रत्येक सर्व्हरची क्यू वेगळ्या फोल्डरात आणि वेगळ्या रचनेत असते. एक्झिमची /व्हार/स्पूल/एक्झिम४ मध्ये, पोस्टफिक्सची /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स मध्ये. एकाची क्यू दुसऱ्याला वाचता येत नाही. सर्व्हर बदलून झाल्यावर तुम्ही मेलक्यू चालवता, ‘क्यू रिकामी’ असं उत्तर येतं आणि जीव भांड्यात पडतो. पण मेलक्यू आता नव्या सर्व्हरची कमांड आहे, तिला जुनी क्यू माहीतच नाही. पावसाळ्यात केबल तुटून इंटरनेट दोन दिवस गेलेलं असेल तर त्या जुन्या क्यूमध्ये बरंच काही थांबलेलं असू शकतं.

म्हणून जुना काढण्याआधी त्याची क्यू रिकामी करायची. एक्झिमची सर्व्हिस थांबवा म्हणजे पोर्ट २५ वरून नवी मेल आत येणार नाही, मग एक्झिम४ला -क्यूएफएफ देऊन असलेली सगळी, गोठलेली मेल धरून, बाहेर काढायचा प्रयत्न करा. -बीपी दिलं की काय उरलं ते दिसतं. उरलेलं बहुधा चुकीच्या पत्त्यांचं असतं, तरी एक एक वाचून मगच सोडावं. पोस्टफिक्सकडून दुसरीकडे जात असाल तर तो चालू असतानाच पोस्टक्यू -एफ आणि पोस्टक्यू -पी. इंटरनेट धड नसेल त्या दिवशी बदल करूच नये, इतकं हे महत्त्वाचं आहे. आणि क्यूचं फोल्डर व /ईटीसी मधली सेटिंग यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय जुनं पॅकेज ‘पर्ज’ करू नये. ‘रिमूव्ह’नं प्रोग्रॅम जातो आणि सेटिंग राहते, ‘पर्ज’नं सेटिंगही जाते.

तिसरं भांडण टोपणनावांचं, आणि ते फार उशिरा उघडं पडतं. /ईटीसी/अलायसेस या फाईलमध्ये रूटची, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याची, मेल कोणाला, अकाउंट्सची कोणाला असं लिहिलेलं असतं. डेबियनचा एक्झिम ही फाईल थेट वाचतो, बदल केला की लागलीच लागू. पोस्टफिक्स तिच्यावरून बनवलेली वेगळी डेटाबेस फाईल वाचतो, आणि ती न्यूअलायसेस चालवल्यावरच ताजी होते. पोस्टफिक्स बसताना सगळं बरोबर चालतं. सहा महिन्यांनी एका कर्मचाऱ्याची मडगावला बदली होते, कोणीतरी जुन्या सवयीनं फाईलमध्ये नाव बदलतो आणि निघून जातो. मेल जुन्याच माणसाला जात राहते. एरर कुठंच नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नाही. सर्व्हर बदललात तर ‘फाईल बदलली की न्यूअलायसेस’ हे त्या फाईलच्याच पहिल्या ओळीत मराठीत लिहून ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्याला ते तिथं सापडेल.

चौथं, इनबॉक्सच्या जागेचं. एक्झिमला मेल प्रत्येक युझरच्या घरातल्या मेलडिर फोल्डरात टाकायला सांगितलेलं असेल आणि नवा पोस्टफिक्स मूळ सवयीप्रमाणं /व्हार/मेल मधल्या एका मोठ्या फाईलमध्ये टाकत असेल, तर मेल येते, पोचते, लॉगमध्ये ‘सेंट’ असं लिहिलंही जातं. पण मेल वाचायला देणारा डवकॉट हा प्रोग्रॅम अजून मेलडिरमध्येच बघतोय. युझरला इनबॉक्समध्ये नवं काही दिसत नाही. पोस्टफिक्सला होम_मेलबॉक्समध्ये ‘मेलडिर/’ असं सांगितलं की दोघांचं जुळतं. शेवटची तिरकी रेघ गाळायची नाही, ती नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाची फाईल समजतो.

डवकॉटचं नाव निघालंच आहे तर एक गैरसमज दूर करतो. डवकॉट आयमॅपचं काम करतो, म्हणजे आलेली मेल वाचायला देतो. पोस्टफिक्स मेल आणतो आणि नेतो. या दोघांचं भांडण नाही, ते एकमेकांचे सोबती आहेत. डवकॉटचं भांडण लागेल ते कुरियर किंवा सायरसशी, कारण त्यांनाही पोर्ट १४३ आणि ९९३ हवी असतात.

पॅकेज सिस्टिमला माहीत नसलेला सर्व्हर

आतापर्यंतच्या सगळ्या व्यवस्थेत एक गृहीत आहे: सर्व्हर पॅकेज म्हणून आलाय आणि त्याची नोंद आहे. ज्याची नोंद नाही त्याच्याबद्दल ॲप्ट काही बोलू शकत नाही.

सोर्समधून कंपाइल करून बसवलेला पोस्टफिक्स हा त्यातला जुना प्रकार. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत यासाठी सांगितलेला उपाय साधा आहे: जुन्या सेंडमेलचं नाव सेंडमेल.ऑफ करा, मेलक्यू आणि न्यूअलायसेसचंही तसंच, आणि जुन्या क्यूमधली मेल जाईपर्यंत सेंडमेल.ऑफ -क्यू अधूनमधून चालवा. पण डेबियनवर असं केलंत तर पुढच्या अपडेटला ॲप्ट पुन्हा आपल्या पसंतीचा सर्व्हर आणू पाहील. तिथं इक्विव्हज या साधनानं एक रिकामं पॅकेज बनवून ‘मेल सर्व्हरचं काम भागलेलं आहे’ अशी नोंद करता येते. माझं मत विचाराल तर लहान संस्थेनं कंपाइल करून मेल सर्व्हर चालवूच नये. सुरक्षेची अपडेट्स हातानं आणायला पुढं माणूस मिळत नाही.

झिंब्रासारखे मोठे संच आपला पोस्टफिक्स सोबत घेऊन येतात आणि /ऑप्ट मध्ये राहतात. फाईलींचं भांडण होत नाही, पोर्ट २५ चं हमखास होतं. कंटेनरमधल्या, म्हणजे यंत्रावर वेगळ्या बंद डब्यात चालणाऱ्या, मेल सर्व्हरचंही तसंच. कंटेनरच्या आत काय आहे हे बाहेरच्या ॲप्टला दिसत नाही, पण पोर्ट २५ मात्र दोघांचं एकच.

इथं एक चकवा आहे. डेबियनचा एक्झिम मूळ सेटिंगमध्ये फक्त यंत्राच्या आतल्या पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर, ऐकतो. बाहेरून तपासलं तर पोर्ट २५ बंद दिसतं, म्हणजे मोकळं आहे असं वाटतं. कंटेनर सगळ्या पत्त्यांवरचं पोर्ट २५ मागतो, त्यात १२७.०.०.१ पण आला, आणि नकार मिळतो. म्हणून तपासणी यंत्राच्या आतूनच करायची. रूट होऊन एसएस -एलटीएनपी चालवा आणि २५ ची ओळ शोधा. एक्झिम असेल तर नाव ओळखीचं दिसेल. पोस्टफिक्स असेल तर ‘मास्टर’ असं दिसेल. हे नाव न ओळखल्यामुळं कोणीतरी घुसखोर प्रोग्रॅम आहे असं समजून तो मारून टाकणारेही असतात.

यंत्रावरच्या जुन्या सर्व्हिसला नुसतं थांबवून भागत नाही. सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टेमडीची कमांड म्हणजे सिस्टेमसीटीएल. तिचा ‘स्टॉप’ आत्तापुरता असतो, ‘डिसेबल’ पुढच्या बूटला सुरू होऊ देत नाही, आणि ‘मास्क’ केल्यावर दुसऱ्या कोणत्या सर्व्हिसनं बोलावलं तरी ती उठत नाही. फेडोराच्या पोस्टफिक्स सर्व्हिसमध्ये सेंडमेल आणि एक्झिमशी आपला विरोध लिहिलेला असतो, म्हणून एक सुरू झाला की सिस्टेमडी दुसऱ्याला थांबवतो. कंटेनरमधला किंवा /ऑप्ट मधला सर्व्हर त्या यादीत नसतो. नुसता ‘स्टॉप’ दिलेलं यंत्र महिनोन्महिने बिनबोभाट चालतं. मग जूनमध्ये पहिला गडगडाट होतो, वीज जाते, यूपीएस संपतो, आणि परत सुरू होताना जो आधी उठेल तो पोर्ट २५ घेतो. कालपर्यंत चालणारा मेल सर्व्हर आज चालत नाही आणि कोणीही काही बदललेलं नसतं.

पूर्ण मेल सर्व्हर हवाच आहे का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. बऱ्याच संस्थांची मेल आज बाहेरच्या मोठ्या सेवेकडे असते आणि स्थानिक यंत्रावरून फक्त रिपोर्ट व सूचना जायच्या असतात. त्यासाठी पोर्ट २५ वर ऐकणारा सर्व्हर लागत नाही. एमएसएमटीपी, नलमेलर किंवा डीएमए यांतलं एखादं पुरतं. सेंडमेल कमांडची जागा ते घेतं, मेल पोर्ट ५८७ वरून युझरनेम-पासवर्डसह बाहेरच्या सेवेकडे देतं आणि मोकळं होतं. ऐकणारं काही नसल्यामुळं हल्ल्यांचा धोकाही पुष्कळ कमी होतो.

तिन्हींत फरक आहे आणि आपल्याकडच्या पावसात तो जाणवतो. एमएसएमटीपी स्वतःहून क्यू ठेवत नाही. त्या क्षणी इंटरनेट नसेल तर मेल गेली नाही असं सांगतो आणि विषय संपतो. नलमेलर आणि डीएमए मेल ठेवून घेतात, लाइन आल्यावर पाठवतात. पेडणे-सत्तरीकडच्या यंत्रावर, जिथं लाइन जाऊन-येऊन असते, मी नलमेलरच सुचवीन. पण आधी लिहिलेल्या दोन वाटा आठवा. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर पोर्ट २५ वरच मेल देत असेल तर या तिघांचा त्याला सहसा उपयोग नाही. मग पोस्टफिक्स घ्या आणि तो फक्त १२७.०.०.१ वर ऐकेल, बाहेरची मेल मोठ्या सेवेकडे सोपवेल अशी सेटिंग करा. डेबियनवर बसवतानाच तो यासाठी पर्याय विचारतो, त्यात ‘सॅटेलाइट सिस्टिम’ निवडायची.

बदल झाल्यावरची तपासणी

एका वाटेची तपासणी करून थांबू नका. सेंडमेल कमांडवरून एक मेल, पोर्ट २५ वरून एक, आणि बाहेरचा मेलबॉक्स वापरून आत एक, अशा तीन पाठवा. प्रत्येकीचा प्रवास लॉगमध्ये डोळ्यांनी बघा. मग रूटच्या नावे एक पाठवा आणि ती खरोखर कोणा माणसाच्या मोबाईलवर उतरते का ते त्या माणसाला फोन करून विचारा. यानंतर, ऑफिस सुटल्यावर, यंत्र मुद्दाम रीबूट करा आणि एसएस पुन्हा चालवून पोर्ट २५ ची ओळ बघा. तिथं हवं ते नाव असेल तर जुनं पॅकेज आठवडाभरानं पर्ज करायला हरकत नाही. तोवर त्याच्या क्यूची आणि सेटिंगची प्रत दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवा.